घंटा थांबायच्या आत

संसदेत भाषण कुणी ऐकत नाही, घंटा मात्र सगळे ऐकतात. एकतीस वर्षं मी तिथल्या चार नंबरच्या दारावर उभा होतो, त्यामुळे एवढं बोलायचा मला हक्क आहे. नसला तरी मी बोलणारच.

टीव्हीवर तुम्हाला दिसतो तो आरडाओरडा. तो सोडून द्या. काम चालतं ते असं: कुणीतरी विधेयक मांडतो, बोलणारे त्यावर बोलतात, मंत्री उत्तर देतात आणि मग अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील त्यांनी 'होय' म्हणा, विरोधात असतील त्यांनी 'नाही' म्हणा. ज्यांचा आवाज मोठा, ते जिंकले. पण एखादा सदस्य उठून म्हणाला की आवाजावर माझा विश्वास नाही, डोकी मोजा, तर मोजावीच लागतात. मग घंटा सुरू होते. सगळ्या इमारतीत एकदम वाजते, वाचनालयात, उपाहारगृहात, जिन्यात, अगदी संडासातसुद्धा. तीन मिनिटं. तेवढ्यात जो आत पोचला त्याचं मत धरायचं. घंटा थांबली की दारं बंद, आणि मोजणी संपेपर्यंत प्रत्यक्ष पंतप्रधान आले तरी ते बाहेर.

ती तीन मिनिटं बघण्यासारखी असतात हो! एरवी जिना उतरायला दोन माणसं हाताशी लागणारे लोक तोंडातला घास तसाच धरून पळत सुटतात. एक मंत्री एक बूट पायात आणि दुसरा हातात घेऊन माझ्या दारातून आत घुसले होते. जाता जाता मला दम दिला, "कुणाला बोललास तर बघ." नाही बोललो. आता ते नाहीत, म्हणून सांगतो.

माझं नाव तिथे कुणाला माहीत नव्हतं. मला 'कडी' म्हणायचे. दाराला हाताएवढी जाड पितळी कडी होती, ती मी टाकायचो, म्हणून मीही कडीच. पुढे पुढे तर पगाराच्या पावतीवरचं नाव वाचून मलाच वाटायचं, हा कोण?

आता एक गोष्ट सांगतो, जी त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हती. नियम असा आहे की घंटा पूर्ण थांबल्यावर दार लोटायला घ्यायचं. पण ते दार दोन माणसं उंच, भरीव लाकडाचं. लोटल्यापासून कडी पडेपर्यंत मोजून चार सेकंद जातात. म्हणजे घंटा थांबली तरी चार सेकंद फट उघडीच. त्या फटीतून लोक खांदे घालायचे, एकमेकांना ढकलायचे, वर मलाच शिव्या द्यायचे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यातच एकाचं बोट चेमटलं आणि मला लेखी ताकीद मिळाली. चूक त्याची आणि कागद माझ्या नावावर! डोकं फिरलं माझं.

तेव्हा मी ठरवलं की फट ठेवायचीच नाही. घंटेला चार सेकंद उरलेले असतानाच दार लोटायला सुरुवात करायची, म्हणजे घंटा थांबायला आणि कडी पडायला एकच गाठ. हे जमवायला मी घरी सराव केला. बायको पलंगावर गजराचं घड्याळ घेऊन बसायची आणि मी झोपायच्या खोलीचं दार लावत राहायचो. "अहो, अजून किती वेळा? शेजारी काय म्हणतील!" ती हसून हसून आडवी व्हायची. "तीन सेकंद झाले. आता पाच झाले. जरा हळू घ्या की!" महिनाभर हा खेळ चालला. मग अशी काही बैठक बसली की मला घड्याळ लागेनासं झालं. हाताला आपोआप कळायचं.

घंटा आणि कडी, एकच आवाज. खट्. बाकीचे दारवान आपापल्या दारांवर असायचे, त्यांना फक्त आवाज ऐकू यायचा. त्यांना वाटायचं की याचा हात विजेसारखा चालतो. एकदा अध्यक्षांनी भर सभागृहात म्हटलं, "शिस्त शिकायची असेल तर चार नंबरच्या दाराकडे जा." त्या दिवशी मी घरी चालत गेलो नाही, तरंगत गेलो. चार सेकंदांची लबाडी मी बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती, आणि खरं सांगू, माझ्या मते ती लबाडी नव्हतीच. मी तिला कसब म्हणत होतो.

नाकावर माशी बसू द्यायचो नाही मी. तीन नंबरच्या दारावर पहिलवान म्हणून एक जण होता. नावाला पहिलवान, मनाने लोणी. एका म्हाताऱ्या सदस्यासाठी त्याने दारात पाय अडवून धरला, घंटा थांबल्यावर जेमतेम दोन सेकंद. ते माझ्या कानावर आलं आणि मी सरळ मार्शलसाहेबांकडे जाऊन सांगितलं. पहिलवानाची रवानगी वाहनतळावर झाली, उन्हातान्हात गाड्यांचे नंबर लिहायला. तो मला एवढंच म्हणाला, "कडी, तुझ्या घरचं कुणी कधी उशिरा येऊ नये म्हणजे झालं." मी म्हटलं, "आलं तरी दार तेच."

माझ्या घरचं म्हणजे कोण, तर बायको आणि बहीण. बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लहानपणी एका जागी बसवली की लाकडी बाहुलीसारखी तिथेच टकामका बघत बसायची, म्हणून तिला ठकी म्हणायचो, तेच राहिलं. ठकी आणि तिचा नवरा दगडाची पूड करणाऱ्या कारखान्यात कामाला होते. पांढरी, पिठासारखी मऊ पूड. ती रंगात जाते, दंतमंजनात जाते, कशाकशात जाते. ठकीने चौदा वर्षं तिच्या पिशव्या शिवल्या. नवरा आधी गेला, खोकून खोकून. वर्षभराने हिला धाप लागायला लागली, तेव्हा मी तिला माझ्याकडे घेऊन आलो.

डॉक्टर सज्जन होता. फोटो उजेडाला धरून त्याने मला दाखवला. छाती सगळी पांढरी. म्हणाला, "छातीच्या मोठ्या इस्पितळात खाट मिळाली, तिथलं यंत्र मिळालं, तर अजून पाच-सहा वर्षं काढतील. नाहीतर वर्ष. फार तर सव्वा."

"मग द्या ना खाट!" मी म्हटलं.

"माझ्या हातात नाही. कामामुळे होणाऱ्या आजारांची सरकारी यादी आहे. त्या यादीतल्या आजारालाच तिथे खाट मिळते. हा आजार यादीत नाही."

ऐकलंत? छाती पांढरी झाली आहे, माणूस श्वासासाठी तडफडतो आहे, आणि आजार यादीत नाही. मी ज्या इमारतीचं दार राखतो, त्याच इमारतीत ती यादी झाली होती. त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

यादीत ही एक ओळ घालायची म्हणून एक सदस्य अकरा वर्षं झगडत होता. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळामास्तरच होते पूर्वी, त्या कारखान्यांच्या भागातले. गुडघा गेलेला, हातात काठी, कोटाला खडूचा डाग नसला तर चुकल्यासारखं वाटावं असा माणूस. त्यांचं विधेयक एका ओळीचं होतं: अमुक यादीत हा आजार घालावा. दर वर्षी ते मांडायचे आणि दर वर्षी वेळ संपायची. ते सरकारी विधेयक नव्हतं ना! अशा विधेयकांना शुक्रवारची दुपार, जेव्हा निम्मे लोक घरची वाट धरतात.

पण त्या वर्षी वारं बदललं. समितीने कामगारांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकलं. त्यात ठकीपण होती. ती समितीपुढे पाच वाक्यं बोलली आणि चार वेळा थांबली. एका सदस्याने डोळे पुसले म्हणे. सरकारी पक्षातलेसुद्धा काही जण आतून मास्तरांकडे झुकले. मोजणाऱ्यांनी मोजलं तर मतं अगदी काठावर. मास्तर माझ्या दारातून जाताना थांबले आणि म्हणाले, "कडी, या शुक्रवारी होतंय बघ. तुझ्या बहिणीची खाट मी आणतो."

मी फक्त दार जरा जास्त उघडून धरलं.

ठकीने हट्टच धरला, "दादा, मला बघायचंय. मी त्यांना सांगितलं आणि ते काय करतात ते मी बघायचं नाही होय?" बायको नको म्हणत होती, जिने किती आहेत, दम लागेल. पण ठकी हट्टाला पेटली की ऐकायची नाही. मीच प्रेक्षकांच्या गॅलरीचा पास काढला. सकाळी बायकोने तिची वेणी घातली, धुतलेली साडी नेसवली. ठकी आरशात बघून म्हणाली, "वहिनी, मी मंत्रीण दिसते का गं?" बायको म्हणाली, "मंत्रीण नाही, सरळ अध्यक्षीण." किती दिवसांनी घरात हसू फुटलं होतं.

मी माझ्या दारावर. माझं दार जिन्याच्या तोंडाशी. वर प्रेक्षकांची गॅलरी, खाली उपाहारगृह, म्हणजे तिकडून येणारे सगळे माझ्याच दाराने आत शिरणार. मास्तर बोलले ते मला दारातून ऐकू येत होतं. पाल्हाळ नाही, आरडाओरडा नाही. म्हणाले, "एकच ओळ मागतोय. शाई तुमचीच आहे." मग खाली बसले.

मंत्री उत्तराला उठले. आणि वर गॅलरीत ठकीला उबळ आली.

मी ओळखला तो खोकला. घरी भिंतीपलीकडून रोज ऐकत होतो. सभागृहात गॅलरीतून आवाज काढायची मनाई आहे. टाळी नाही, घोषणा नाही, आणि खोकलाही नाही, तो थांबत नसेल तर. तिथल्या पहारेकऱ्याने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. नियमाप्रमाणेच काढलं, त्याला मी काय बोलू? मास्तरांनी खालून ते पाहिलं. मंत्र्यांचं उत्तर म्हणजे तास तरी चालणार, असा त्यांचा हिशोब. ते काठी टेकत माझ्या दारातून बाहेर पडले आणि मला म्हणाले, "तू हलू नकोस. मी बघतो तिला."

आणि मी हललो नाही. दारवानाने दार सोडायचं नसतं.

मंत्र्याने काय केलं माहीत आहे? तासाचं उत्तर आठ मिनिटांत गुंडाळलं. त्याच्या लोकांनी मास्तरांची जागा रिकामी बघितली असणार. या बाबतीत ते झोपेतसुद्धा जागे असतात. आवाजी मतदान झालं, 'नाही'चा आवाज मोठा निघाला. मास्तरांच्या बाजूच्या एका बाईंनी उठून डोकी मोजायची मागणी केली. अध्यक्ष म्हणाले, "घंटा."

घंटा सुरू झाली.

पहिलं मिनिट. उपाहारगृहातून लोंढा आला. दोघांच्या मिशांना चहा लागलेला. मी जिन्याकडे बघत होतो. दुसरं मिनिट. वाचनालयातले आले, धापा टाकत. जिना रिकामा. वरून मात्र खोकला ऐकू येत होता, तुटक तुटक. मागाहून कळलं ते असं: ठकी वरच्या वळणावर पायरीवर बसली होती आणि श्वास अडकला की माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो, तसा तिने मास्तरांचा हात धरला होता. घंटा सुरू झाली तेव्हा मास्तर म्हणाले, "बाई, सोड, जायला हवं." तिला ऐकूच जात नव्हतं. तिच्या कानांत नुसता स्वतःचा खोकला. दोन-सव्वादोन मिनिटांनी ती भानावर आली, तेव्हा तिनेच त्यांना ढकललं, "जा, जा."

तिसऱ्या मिनिटाच्या शेवटाला मला काठीचा आवाज आला. ठक, ठक, ठक. मास्तर जिना उतरत होते, कठडा धरून, त्या गेलेल्या गुडघ्यावर जमेल तसे पळत. वरच्या वळणावर ठकी कठड्याला लोंबकळून खाली बघत होती. तिचा चेहरा मला स्पष्ट दिसला. कपाळावरची बट सुटली होती.

आणि माझे हात दाराला लागले.

घंटा वाजत होती. हे मी शपथेवर सांगतो, आता सांगून काय उपयोग. घंटेला अजून चार सेकंद उरले होते. नियमाने मी दाराला हातही लावायचा नव्हता. मास्तर शेवटच्या पायरीवरून खाली आले, दारापासून सहा पावलांवर. हात उगारून ओरडले, "कडी, थांब!"

मी थांबू शकत होतो. हात आपोआप चालले असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं, पण ते खोटं आहे. मधे एक क्षण आला होता. त्या क्षणी माझ्या मनात पहिलवान आला. वाटलं, आज थांबलो तर सगळी इमारत म्हणेल, बघा, स्वतःच्या बहिणीची वेळ आली तेव्हा कडीने दार धरलं. वीस वर्षांची माझी खट् एका दिवसात मातीत जाईल. एवढंच मनात आलं. तिची छाती आली नाही, खाट आली नाही. माझं नाव आलं, तेसुद्धा खरं नाव नाही, टोपणनाव.

दार लागलं, घंटा थांबली, कडी पडली. एकच आवाज.

बाहेरून मास्तरांनी काठीने दारावर एकदा ठोकलं. एकदाच. मग काही नाही.

मोजणी झाली. एकशे अठरा 'होय', एकशे अठरा 'नाही'. समसमान मतं पडली की अध्यक्षांनी आपलं मत द्यायचं असतं, आणि पूर्वापार पद्धत अशी की अध्यक्ष चालू आहे तेच चालू ठेवण्याच्या बाजूने देतात. त्यांनी तसंच दिलं. विधेयक पडलं. आणि पडलेलं विधेयक वर्षभर पुन्हा मांडता येत नाही. वर्षभर! डॉक्टरने तिला दिलेलं ते वर्ष.

मास्तरांनी तक्रार केली. म्हणाले, दार लागत होतं तेव्हा घंटा वाजत होती. मार्शलसाहेबांनी आम्हाला सगळ्यांना उभं केलं. लॉबीत कॅमेरा बसवायचा प्रस्ताव सहा वर्षांपासून समितीत पडून होता, त्यामुळे बघायला काही नव्हतं, नुसतं विचारायचं होतं. दोन नंबरच्या दारावरचा म्हणाला, "साहेब, याची कडी आणि घंटा एकत्रच वाजते. आजही तशीच वाजली." एक नंबरवाला तेच म्हणाला. मग साहेब माझ्याकडे वळले.

"बोला. घंटा थांबायच्या आत दार लावलंत?"

"साहेब," मी म्हटलं, "घंटा आणि कडी एकत्र वाजली."

हे खरं होतं. शब्दन् शब्द खरं होतं, आणि त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. साहेबांनी कागद मिटला. मास्तर माझ्याकडे बघत उभे होते. मग म्हणाले, "याची सख्खी बहीण जिन्यात होती. हा कशाला मुद्दाम लावेल? माझाच गुडघा नडला." आणि तक्रार मागे घेतली. मला तेव्हा जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण मी ताठ उभा राहिलो. ताठ उभं राहायची सवय होती ना.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ठकी आत पडली होती. बायकोने एकच विचारलं, हळू आवाजात, "चार सेकंद?"

मी मान खाली घातली. तिने हातातला चमचा खाली ठेवला आणि उठून गेली. त्यानंतर घरात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. भांडली असती, थाळी फेकली असती, तर मला बरं वाटलं असतं.

आणि ठकी? ठकीला वाटत होतं की चूक तिची. "दादा, मी त्यांचा हात सोडला असता ना वेळेवर…" हे पहिल्याच दिवशी म्हणाली. मग आठवड्याने परत म्हणाली. तिच्याबरोबर समितीपुढे आलेल्या बायका भेटायला यायच्या, त्यांच्यासमोरही म्हणायची. "माझ्यापायी गेलं गं तुमचंही. मीच धरून ठेवलं मास्तरांना." बायका म्हणायच्या, वेडी का तू, असं काही नसतं. पण दोघीतिघींनी येणं सोडलं. मास्तर दोनदा येऊन गेले, तिची समजूत घालून गेले. तिच्या डोक्यातून काही जाईना. जायचं तरी कसं? ज्याने सांगायचं तो शेजारच्या खोलीत दाराला कान लावून बसला होता.

मी सांगणार होतो. रोज सांगणार होतो. सकाळी उठलो की ठरवायचो, आज संध्याकाळी सांगतो. संध्याकाळी तिची उशी नीट करायचो, पाठ चोळायचो आणि वाटायचं, आज दम जास्त आहे, उद्या सांगू. खरं कारण हे नव्हतंच. ती माझ्याकडे बघायची ना, दादा म्हणून, ते मला जाऊ द्यायचं नव्हतं.

आठ महिने गेले. शेवटी शेवटी ती बसूनच झोपायची, पुढे उशी घेऊन, तिच्यावर डोकं टेकून. बोलायला लागली की एका शब्दानंतर थांबायची. एका दुपारी मी तिच्या पायांशी बसलो होतो. बायको स्वयंपाकघरात पाणी कोमट करत होती. ठकीने डोकं उचललं.

"दादा."

"बोल गं."

"माफ… केलंस ना… मला?"

मी म्हटलं, "कशाबद्दल?" मला माहीत होतं कशाबद्दल.

"हात… सोडला नाही… वेळेवर. तुझ्यासमोर… दार लागलं… तुला किती… वाईट…"

तिला माझं वाईट वाटत होतं. आठ महिने ती माझ्यासाठी झुरत होती, की आपल्यामुळे दादाला स्वतःच्या हाताने दार लावावं लागलं.

तेव्हा तरी सांगायचं. एवढं एक वाक्य होतं: ठके, चूक माझी, मी घंटा थांबायच्या आत दार लावलं. आठ-दहा शब्द. चार सेकंदही लागले नसते. वर बघितलं तर बायको दारात उभी, हातात पेल्यातलं पाणी. ती माझ्याकडे बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि ती वाट बघत होती.

मी ठकीच्या पायावर हात ठेवला आणि म्हणालो, "केलं गं. केव्हाच माफ केलं तुला."

ठकी हसली. खरंच हसली, लहानपणी हसायची तशी, आणि डोकं उशीवर टेकलं. बायको आत आली, पेला स्टुलावर ठेवला, पदराने ठकीचं कपाळ टिपलं. मग जाताना, मला ओलांडून, तिने खोलीचं दार ओढून घेतलं. हळू, अगदी हळू, आवाज न करता. मी आत आणि ती बाहेर.

ठकी दुसऱ्या दिवशी गेली. विधेयक पुन्हा मांडायला अजून चार महिने बाकी होते.